गिरणीतली ‘मोकळी’ जागा नेमकी कुठली?

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण यात लढाया नाहीत, तह नाहीत, राजे नाहीत. एका नियमाची गोष्ट आहे. नाव ऐकूनच जांभई येईल असा नियम : बृहन्मुंबई विकास नियंत्रण नियमावली १९९१, नियम क्रमांक ५८. पण लोअर परळच्या मॉलमध्ये तुम्ही कधी गेला असाल, तिथल्या काचेच्या इमारतीत इंटरव्ह्यू दिला असेल, नाहीतर संध्याकाळी सात वाजता तिथल्या स्टेशनच्या जिन्यावर इंच इंच सरकला असाल, तर या नियमाशी तुमची गाठ पडलेली आहे. फक्त कोणी ओळख करून दिली नव्हती.

तर सुरुवात जरा मागून करू. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतली पहिली कापड गिरणी काढायचं ठरवलं आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती सुरू झाली. पुढच्या पन्नासेक वर्षांत भायखळा, लालबाग, परळ, वरळी, दादर या पट्ट्यात चिमण्यांचं रानच उभं राहिलं. तेव्हा हा भाग गावाबाहेरचा. जमीन स्वस्त, काही ठिकाणी तर सरकारकडून भाडेपट्ट्यावर मिळालेली. कोकणातून, घाटावरून माणसं आली, चाळी झाल्या, खाणावळी झाल्या, भजनी मंडळं झाली. सकाळी भोंगा वाजला की अख्खा मोहल्ला चालू लागायचा. या सगळ्याला आपण गिरणगाव म्हणतो. १९८० च्या आसपास तिथे ५८ गिरण्या होत्या आणि त्यांच्याखाली साधारण ६०० एकर जमीन. दक्षिण मुंबईच्या बरोबर मध्यात. आजच्या भावाचं गणित डोक्यात आलंच असेल, ते थोडा वेळ बाजूला ठेवा.

आता थोडी टेक्निकल गोष्ट, ती समजल्याशिवाय पुढची मजा नाही. शहरातली जमीन तुमच्या मालकीची असली म्हणजे तिच्यावर काहीही बांधता येतं असं नाही. मुंबई प्रांतात नगररचनेचा कायदा १९१५ मध्ये आला, देशातला हा पहिलाच. मग १९६६ मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा झाला. त्याच्याखाली महापालिका विकास आराखडा करते. आराखडा म्हणजे रंगवलेला नकाशा समजा. इथे राहायचं, इथे धंदा, इथे कारखाने, इथे बाग. प्रत्येक रंगाचे नियम वेगळे. आणि किती बांधायचं ते एफएसआय सांगतो, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर एफएसआय १.३३ असेल तर सगळे मजले मिळून १३३० चौरस मीटर बांधता येतं. मुंबई शहर भागात १९९१ च्या नियमांत हा आकडा १.३३ होता.

गिरण्यांची जमीन नकाशावर औद्योगिक रंगाची. म्हणजे तिथे फक्त कारखाना. घरं नाहीत, ऑफिसं नाहीत, मॉल तर नाहीच. म्हणून ६०० एकरांची किंमत कागदावर कारखान्याच्या जमिनीइतकीच. ती किंमत कित्येक पट करायला ना मालकाला घाम गाळावा लागतो ना मशीन लावावं लागतं. कोणीतरी नकाशावरचा रंग बदलायचा, बस. आणि तो रंग बदलायचा अधिकार महापालिकेकडे आणि तिच्या डोक्यावर बसलेल्या राज्य सरकारकडे. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण पुढचं भांडण याच वाढलेल्या किमतीवर कोणाचा हक्क यावरून आहे.

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपावर इतकं लिहिलं-बोललं गेलंय की मी इथे थांबत नाही. आपल्या गोष्टीपुरतं इतकंच की तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो विरत गेला, आणि त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्या नाहीत. काही सरकारने ताब्यात घेतल्या आणि राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ, म्हणजे एनटीसीकडे दिल्या. खाजगी गिरण्यांपैकी बऱ्याच आजारी म्हणून बीआयएफआरच्या दारात गेल्या. कामगारांची देणी थकलेली, मशिनं गंजलेली, आणि त्या मशिनांखालची जमीन मात्र रोज महाग होत चाललेली. कापड विकून जे मिळत नव्हतं ते जमीन विकून मिळणार हे मालकांना कळायला फार हुशारी लागत नव्हती. कामगारांनाही कळत होतं. १९८९ मध्ये दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सोबत्यांनी बंद गिरणी कामगार संघर्ष समिती काढली. जमीन विकायची तर आमचं काय, हा प्रश्न त्यांनी पुढची तीस वर्षं सोडला नाही.

मग आला १९९१ चा नियम ५८. मला विचाराल तर शहराच्या नियमांमध्ये इतकी सरळ कल्पना क्वचित सापडते. गिरणीची जमीन पुन्हा विकसित करायची तर तिचे साधारण तीन वाटे. एक तृतीयांश महापालिकेला, बागा आणि मैदानांसाठी. दुसरा, कमीजास्त तेवढाच वाटा म्हाडाला, सामान्यांच्या घरांसाठी. उरलेला मालकाला, तिथे त्याने घरं बांधावी, ऑफिसं बांधावी, विकावी. छोट्या गिरणीच्या मालकाला थोडं जास्त, म्हणजे ४० टक्क्यांपर्यंत, आणि मोठ्या गिरणीच्या मालकाला थोडं कमी. बरं, दिलेली जमीन फुकट गेली असंही नाही, तिच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क. विचार साधा होता : रंग शहराने बदलला, तर वाढलेल्या किमतीत शहराचा वाटा.

६०० एकरांचे दोन तृतीयांश म्हणजे ४०० एकर. मुंबईसारख्या शहराच्या पोटात, जिथे पोरं गल्लीत स्टंप मांडतात आणि गाडी आली की उचलतात, तिथे ४०० एकर.

पण नियमाला एक भोक होतं. वाटणी कधी लागू? जुनी बांधकामं पाडून नवं उभारायचं तेव्हा. जुन्या शेड तशाच ठेवून आत वेगळा वापर करायला मात्र वाट होती. मग पाडायचं कशाला? शेडचे पत्रे तसेच, भिंती तशाच, आत ऑफिस, स्टुडिओ, रेस्टॉरंट. नव्वदच्या दशकाच्या शेवटी फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग अ‍ॅली सुरू झाली तेव्हा बाहेर चाळींत राहणाऱ्या कामगारांना ती बघायला मिळाली. आत जायला अर्थातच पैसे लागत होते. दहा वर्षांत शहराच्या हातात जमीन फारशी आलीच नाही. म्हणजे नियम बदलायला हवा होता, यावर तसं कोणाचं दुमत नव्हतं.

इथे एक फाटा फुटला होता आणि मला तो राहून राहून आठवतो. १९९६ मध्ये सरकारने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. कोरियांचं म्हणणं असं की प्रत्येक गिरणीचा तुकडा वेगळा धरून वाटणी केली तर शहराला इथे चिमूटभर, तिथे मूठभर जमीन मिळेल. त्यापेक्षा सगळ्या जमिनी एकत्र बघा, रस्ते, बागा, स्टेशनकडे जायच्या वाटा एकदाच आखा, आणि मग वाटणी करा. अडचण अशी झाली की गटाला एनटीसीच्या गिरण्यांचाच अभ्यास करता आला, खाजगी मालकांनी आत पाऊल ठेवू दिलं नाही. अहवाल सादर झाला आणि कपाटात गेला. कपाटात गेलेल्या चांगल्या अहवालांची महाराष्ट्रात एक वेगळी लायब्ररी काढता येईल, असो.

आता २००१. विलासराव देशमुख मुख्यमंत्री. मार्च महिन्यात नियम ५८ दुरुस्त झाला. भोक बुजवण्याच्या नावाखाली काय झालं ते नीट बघू. तीन वाटे कायम राहिले. टक्केवारीही कायम राहिली. वरवर वाचणाऱ्याला वाटेल काहीच बदललं नाही. बदललं ते इतकंच की वाटणी कशाची करायची. आता वाटणी पूर्ण जमिनीची नाही, फक्त मोकळ्या जमिनीची आणि शिल्लक एफएसआयची. २००३ मध्ये सरकारने खुलासाही केला की मोकळी म्हणजे आधीपासून मोकळी. शेड पाडल्यावर जी मोकळी होईल ती यात धरायची नाही.

उदाहरण घेऊ. एक गिरणी कल्पनेतली, १० एकरांची. ७ एकरांवर शेड, गोदामं, चिमणी. ३ एकर आवार, जिथे ट्रक वळायचे. १९९१ च्या हिशेबाने पाडकाम करून नवं बांधायचं तर १० एकरांची वाटणी : मालकाला साधारण ४, शहराला आणि म्हाडाला मिळून ६. २००१ च्या हिशेबाने शेड पाडा, तरी त्या ७ एकरांवरचा हक्क मालकाचाच. वाटणी ३ एकरांची. त्यातले एकाहून थोडे जास्त मालकाला परत, आणि शहर व म्हाडा मिळून दोनाच्याही आत. सहाचे दोन झाले. आणि गिरणी म्हणजे मुळात शेडच शेड. भिंतीला भिंत लागलेली, आवार बेताचं. जितकं बांधकाम दाट, तितका शहराचा वाटा बारीक.

आम्ही सॉफ्टवेअरवाले असला बदल बघितला की दचकतो. फंक्शन तेच, फॉर्म्युला तोच, फक्त आत जाणाऱ्या व्हेरिएबलची व्याख्या कोणीतरी वरती बदलून ठेवली. सगळे टेस्ट पास होतात. आउटपुट बघितल्याशिवाय कळत नाही. आणि आउटपुट इथे चार वर्षांनी दिसलं.

सरकारची बाजूही सांगायला हवी, ती अगदीच पोकळ नव्हती. जुना नियम चालत नव्हता हे खरं. जमीन विकल्याशिवाय कामगारांची देणी द्यायला पैसा नव्हता हेही खरं. विक्रीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवून त्यातून देणी द्यायची अशी तरतूद होती. म्हाडाला जी जमीन मिळेल तिच्यावर गिरणी कामगारांसाठी घरं बांधायची, हेही नियमात आलं. काही कामगार संघटनांना म्हणूनच विक्री थांबायला नको होती. वर्षानुवर्षं पगाराविना बसलेल्या माणसाला बागेपेक्षा थकलेली ग्रॅच्युइटी जवळची वाटते, आणि त्यात चूक काही नाही. पण बघा, कामगारांची घरं कुठे? म्हाडाच्या वाट्यात. म्हाडाचा वाटा कशातून? मोकळ्या जमिनीतून. म्हणजे ज्या वाक्याने कामगारांना घर कबूल केलं, त्याच्या शेजारच्याच वाक्याने घराखालची जमीन काढून घेतली.

दुरुस्ती झाली कशी, हेही मोलाचं आहे. विकास आराखड्यात फेरबदल करायची वाट कायद्याच्या कलम ३७ मध्ये आहे. राजपत्रात नोटीस काढायची, हरकती-सूचना मागवायच्या, त्यासाठी नागरिकांना एक महिना. राजपत्र कोण वाचतं? तुमच्या ओळखीत कोणी आहे? माझ्या ओळखीत नाही. आणि वाचलं असतं तरी ‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांत एवढं काही लपलेलं असेल असं किती जणांच्या लक्षात आलं असतं?

२००५ मध्ये एनटीसीने गिरण्या लिलावात काढल्या आणि मग आकडे पेपरच्या पहिल्या पानावर आले. ज्युपिटर मिल २७६ कोटी. एल्फिन्स्टन मिल ४४१ कोटी. कोहिनूर मिल नंबर ३, दादरची, ४२१ कोटी. मुंबई टेक्स्टाइल मिल, सुमारे १७ एकर, ७०२ कोटींना डीएलएफने घेतली. हीच जमीन डीएलएफने २०१२ मध्ये लोढांना विकली ती साधारण २७०० कोटींना. सात वर्षांत जवळजवळ चौपट, आणि तोवर डीएलएफने तिथे टॉवर उभारला नव्हता. मघाशी बाजूला ठेवलेलं भावाचं गणित आता डोक्यात परत घ्या.

त्याच वर्षी बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप ही संस्था जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली. १७ ऑक्टोबर २००५ ला निकाल लागला. मुख्य न्यायमूर्ती दलवीर भंडारी आणि न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, जे पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले, यांच्या खंडपीठाने संस्थेच्या बाजूने कौल दिला. पाडकामानंतर मोकळी होणारी जमीनही मोकळीच, तिचीही वाटणी झाली पाहिजे. गिरणगावात त्या संध्याकाळी पेढे वाटले गेले की नाही मला माहीत नाही, पण वाटायला हरकत नव्हती.

पेढे पाचच महिने टिकले असते. मालक आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ७ मार्च २००६ ला न्यायमूर्ती एस. बी. सिन्हा आणि पी. पी. नावलेकर यांच्या खंडपीठाने तो निकाल फिरवला. २००१ ची दुरुस्ती वैध ठरली. मोकळी म्हणजे आधीची मोकळी. बॉम्बे डाइंग विरुद्ध बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप या नावाने हा निकाल कायद्याची पोरं अजून वाचतात. नियम कसा असावा हे ठरवणं सरकारचं काम, कोर्टाचं नाही, असा त्याचा एकूण रोख. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेलही. माझं म्हणणं इतकंच की मग ज्यांचं ते काम होतं त्यांनी २००१ मध्ये कोरियांचा अहवाल कपाटातून काढायला हवा होता. तो हाताशी होता, वर्तमानपत्रांत त्याची चर्चा झालेली होती. जुनं भोक बुजवायचा रस्ता माहीत असताना त्यांनी दुसरं, मोठं भोक पाडलं.

त्यानंतरचं तुमच्या डोळ्यांसमोर आहे. टॉवर झाले, ऑफिसं झाली. मी स्वतः अशाच एका जुन्या गिरणीच्या आवारात दोन वर्षं नोकरी केली, कॅफेटेरियाच्या खिडकीतून एक चिमणी दिसायची, आणि नव्याने आलेल्या पोरांना वाटायचं की ती डेकोरेशनसाठी बांधलीय. जमिनीचे तुकडे आपापले विकसित झाले. आतले रस्ते गुळगुळीत, गेटवर सिक्युरिटी. गेटबाहेरचा रस्ता गिरण्यांच्या काळचाच. स्टेशनंही तीच. फरक इतकाच की पूर्वी कामगार शेजारच्या चाळीतून चालत यायचा, आणि आता त्याच जमिनीवर काम करणारा माणूस विरारहून, डोंबिवलीहून, पनवेलहून येतो.

२९ सप्टेंबर २०१७. सकाळची वेळ, पाऊस. एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनांना जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. २३ माणसं गेली. नंतर तिथे लष्कराने पूल बांधला, स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरच्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागली, १४ जण गेले. मी असं म्हणणार नाही की एका नियमाने ही माणसं मारली. पुलाला रेल्वे जबाबदार, आगीला परवाने आणि तपासण्या बघणारे जबाबदार, प्रत्येक घटनेची आपली चौकशी झाली. पण एका औद्योगिक पट्ट्यात हजारो नवी ऑफिसं येणार हे कागदावर मंजूर होत असताना, त्या माणसांनी उतरायचं कुठे, चालायचं कुठून, हा प्रश्न ज्या नकाशावर सुटला असता तो नकाशा कोणी काढलाच नव्हता. सगळ्या जमिनी एकत्र बघा, असं कोरिया म्हणाले होते ते यासाठी.

आणि कामगारांची घरं? म्हाडाने पहिली मोठी लॉटरी काढली ती २०१२ मध्ये, ६९२५ घरांची. घराची किंमत साडेसात लाख, त्या भागात ही खरोखर सवलत होती, आणि ज्यांना घर लागलं त्यांचे रडतानाचे फोटो तुम्ही पाहिले असतील. पुढे २०१६ मध्ये, २०२० मध्ये लॉटऱ्या निघाल्या, त्यातली काही घरं थेट पनवेलजवळ कोनला. अर्ज मात्र दीड लाखाहून जास्त. मिळालेली घरं त्यांच्या पाव हिश्शालाही पुरत नाहीत. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. कित्येक अर्जांवर आता वारसांची नावं आहेत. दत्ता इस्वलकर २०२१ मध्ये गेले.

उरलेल्यांसाठी सरकारने शेलू आणि वांगणीचा पर्याय पुढे केला आहे. म्हणजे बदलापूरच्याही पुढे, कर्जतच्या वाटेवर. २०२५ च्या जुलैमध्ये म्हातारे कामगार आणि त्यांची पोरं आझाद मैदानावर जमली होती ती यासाठीच, की घर द्यायचं तर मुंबईत द्या. वांगणीहून परळला यायला लोकलने दीड तासाच्या आसपास लागतो, बसायला जागा मिळाली तर.